चाप्ला एकटीच परत आली

ओनुफ्री यात्सेविच मुळात समुद्राचा माणूस नव्हता. तो पिन्स्ककडचा, दलदलीतला. तिकडे लग्नाचं वऱ्हाडसुद्धा होडीतून जातं. त्याचा बाप गवत आणि गुरं वाहायला सपाट बुडाच्या होड्या करायचा, आणि ओनुफ्रीच्या हातात पेन्सिलीच्या आधी पटाशी आली. दुसरं महायुद्ध संपलं, पिन्स्क रशियात गेलं, आणि तिथल्या पोलिश लोकांना मालगाड्यांत भरून इकडे, जर्मनांकडून पोलंडला मिळालेल्या श्चेचिनला आणून उतरवलं. मी विल्नोची. मलाही तसंच आणलं. जर्मन लोक नुकतेच इथून गेले होते. पलंगांवर त्यांच्या चादरी, भिंतीवर त्यांच्या आजोबांचे फोटो, फडताळात मुरांब्याच्या बरण्या. आम्ही उपाशी होतो, त्या बरण्या उघडल्या आणि खाल्ल्या. ओनुफ्रीची बायको तेक्ला पहिल्याच घासाला रडायला लागली. "कुणीतरी उन्हाळाभर बसून चेरीच्या बिया काढल्या असतील गं, लोजा," म्हणाली.

लोजा म्हणजे मी. एकाच घरात ते खाली राहायचे, मी वर. त्यांची मुलगी लुद्मिला, सगळ्यांची लुद्का, तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयात होती. माझं मागे कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सणावाराला मी त्यांच्याच टेबलाशी असायची.

तलावाकाठी यॉट क्लब निघाला तेव्हा ओनुफ्रीला तिथे बोसमान नेमलं. धक्का, होड्या, दोरखंड, रंगाचे डबे, सगळ्याचा राखणदार म्हणजे बोसमान. मला शिडं शिवायला घेतलं, कारण मला शिवणयंत्र चालवता यायचं. शीड आणि खिडकीचा पडदा यांत काय फरक असतो हे मला ओनुफ्रीनेच शिकवलं.

चाप्ला त्याला लव्हाळ्यात सापडली. अर्धी बुडालेली, डोलकाठी मोडलेली, एका कुशीत गोळ्यांची भोकं. पण तशा अवस्थेतही आम्ही बघत राहिलो. लांब, सडपातळ, नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ. पहिल्या महायुद्धाच्या आधी बांधलेली शिडाची यॉट होती ती. मागच्या फळीवर कोरलेलं जर्मन नाव कुणीतरी बंदुकीच्या दस्त्याने ठेचून टाकलं होतं. ती साखर कारखानदाराची होती असं कुणी म्हणे, कुणी म्हणे एका दातांच्या डॉक्टराची. ज्यांना खरं माहीत होतं ती माणसं गावात उरली नव्हती.

रिकामी पिंपं बांधून ओनुफ्रीने तिला तरंगवली आणि ओढून छपराखाली आणली. मग काही वर्षं तो तिच्याच पोटात राहत होता म्हणा ना. ओकच्या फासळ्या कुजल्या होत्या त्या एकेक करून बदलल्या. फळ्या महोगनीच्या, आणि ते लाकूड आता कुठून आणायचं? गावात श्रीमंत जर्मनांच्या ओसाड हवेल्या होत्या, त्यांतली जेवणाची टेबलं त्याने गाडीवर घालून आणली. ती कापताना त्याचा चेहरा पडलेला असायचा. तेक्ला म्हणाली, "काय एवढं? त्यांचं टेबल आता समुद्रावर जेवायला जाणार."

नाव त्यानेच ठेवलं. चाप्ला म्हणजे बगळा. दलदलीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

लाकडी बोट पाण्यात सोडली की काम संपलं असं लोकांना वाटतं. ते काम कधीच संपत नाही. शरद ऋतूत बोट वर काढायची, ताडपत्रीखाली झाकायची, पण वारा खेळता ठेवायचा, नाहीतर आतून बुरशी धरते. हिवाळाभर जुनं व्हार्निश खरवडायचं. बर्फ वितळला की फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उकरून नवा ठासायचा, वर लांबी भरायची, बुडाला शेंदरी रंग द्यायचा, वरच्या लाकडाला जवसाचं तेल, मग व्हार्निशचे हात, प्रत्येक हात वाळला की घासून पुन्हा दुसरा. हे सगळं करून तिला मे महिन्यात पाण्यात उतरवावी तर पहिले काही दिवस ती गळतेच. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे आवळले जातात, तेव्हा कुठे गळती थांबते. तोवर ओनुफ्री पंपापाशी बसून. तेक्ला म्हणायची, "माझी सासू पिन्स्कला राहिली, पण हिने काही उणीव भासू दिली नाही."

लुद्का त्या छपराखालीच मोठी झाली. शाळेतून थेट तिकडे. तिच्या नखांत शेंदरी रंग कायमचा. बाप-लेकीचं बोलणं ऐकावं असं असायचं.

"बाबा, इथे कापूस सैल बसलाय."

"सैल नाहीये, तुझे कान सैल आहेत. ठोकलं की आवाज ऐक."

"ऐकला. सैलच आहे."

तो हातोडी घेऊन ठोकून बघायचा, तो सांधा पुन्हा उकरायला घ्यायचा, आणि ती माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची.

मधली वर्षं वाईट होती. बोटी देशाबाहेर पळतील म्हणून सरहद्दीच्या शिपायांनी सगळी सुकाणू काढून नेली आणि स्वतःच्या कोठीत कुलूप लावून ठेवली. होड्या तलावातच गोल गोल फिरायच्या, त्याही परवानगीने. पुढे सरकारची हवा बदलली, माणसं तुरुंगातून घरी आली, सुकाणूही परत मिळाली. परवाना घेऊन, तलाव समुद्राला मिळतो तिथे श्विनोउश्चेला शिपायांना तोंड दाखवून समुद्रावर जाता येऊ लागलं. लुद्का तोपर्यंत वीस वर्षांची झाली होती. चाप्ला ती बापापेक्षा चांगली चालवायची. बाप नदीचा, त्याला उंच लाटा आल्या की पोटात ढवळायचं. तो धक्क्यावर उभा राहून बघायचा, आणि लाज वाटायची तेवढाच अभिमानही.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात त्याला बोटीच्या बुडातून गंजाचे ओघळ दिसले. चाप्लाच्या पोटाखाली लोखंडाचा जड कणा आहे, ती वाऱ्यात कलली तरी उलटत नाही ती त्याच्यामुळे. तो कणा लांब बोल्टांनी आवळलेला असतो. ते बोल्ट जर्मनांच्या काळातले, झिजून झिजून मधे बोटाएवढे राहिलेले. ओनुफ्री क्लबाच्या कमिटीच्या मागे लागला. गोदीतल्या एका फोरमनला धुरावलेल्या ईल माशांची जुडी देऊन त्याने नवे बोल्ट करून आणले. मीही त्या वर्षी वादळी हवेत लावायचं जाड, लहान शीड नवं शिवलं, कारण जुन्याला उंदीर लागले होते. लुद्का त्या वसंतात रोज यायची. तिच्याबरोबर येरेमी नावाचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा असायचा, उंच, मितभाषी. ओनुफ्रीला तो पसंत होता. "बोलत नाही आणि ब्रश धुऊन ठेवतो," म्हणायचा, "आणखी काय हवं?"

ऑगस्टात लुद्का, येरेमी आणि त्यांचे दोन मित्र ग्दिन्या बंदरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार होते. परवाने झाले. निघायच्या सकाळी मीही धक्क्यावर होते. लुद्काने बापाच्या गळ्यात हात टाकले ते सोडेचना.

"अगं, व्हार्निश लागेल कपड्यांना," ओनुफ्री म्हणाला. "वारा वाढला की लगेच शीड कमी करायचं. हट्ट करायचा नाही."

"नाही करणार."

"आणि तळातलं पाणी रोज बघायचं."

"बघीन रे बाबा."

त्याने दोर सोडून तिच्या हातात फेकला. तेक्ला धक्क्यावर आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली होती.

ग्दिन्याला ती बोट पोहोचलीच नाही. आधी सगळे म्हणाले, वारा पडला असेल. मग वाऱ्याने तोंड फिरवलं, वायव्येकडून जोराची झोड आली, तेव्हा म्हणाले, कुठल्यातरी बंदरात शिरले असतील. क्लबातून एकेका बंदराला फोन लावले. कुणीच त्यांना पाहिलं नव्हतं. ओनुफ्री क्लबातल्या माझ्या शिवणाच्या माळ्यावर येऊन शिडांच्या ढिगावर बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बोल्ट, लोजा," तो म्हणाला.

"काय बोल्ट?"

"मी ते आवळले तेव्हा एक जरा फिरल्यासारखा वाटला. मी म्हटलं, बसेल. तो नसेल बसला. तो तुटला असेल, मग शेजारचा, मग कणाच निखळला असेल. कणा गेला की बोट अशी उलटते." त्याने तळहात उलटा करून दाखवला. "ती खाली झोपली असेल तेव्हा. बाहेर यायला दारसुद्धा सापडलं नसेल."

"बोसमान, असं काही बोलू नका."

"माझ्या हातांनी झालं ते."

घरी त्याने जेवण सोडलं. तेक्ला त्याच्यापुढे सूप ठेवायची आणि उचलून न्यायची. ती रडत नव्हती. तिला धक्का बसलाय असं मला वाटलं, आणि मी तिला जपत होते. ओनुफ्री अंगणातल्या बाकावर बसून त्या बोल्टाबद्दलच बोलायचा, कुणी ऐको न ऐको. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी क्लबात सरकारी खात्याचा एक साध्या कपड्यातला माणूस आला आणि त्याने ओनुफ्रीला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं.

"नागरिक यात्सेविच, तुमची मुलगी डेन्मार्कमध्ये आहे. बॉर्नहोम बेटावर. चौघांनीही तिथे आश्रय मागितलाय."

ओनुफ्री हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने, टेबलाला धरून. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसतोय. "जिवंत आहे! बोल्ट टिकले! ऐकलंस का लोजा, बोल्ट टिकले!"

त्या माणसाने ते हसणं लिहून घेतलं.

त्यानंतर त्याला रोज बोलावणं. मलाही दोनदा नेलं, शिडाबद्दल विचारायला. माझं सोपं होतं, मी उंदरांनी कुरतडलेलं जुनं शीड दाखवलं, त्यांनाच साक्षीला बोलवा म्हटलं. त्याला मात्र ते पेचात पकडायचे. यंदाच बोल्ट का बदलले? याच वर्षी सगळे सांधे नव्याने का भरले? किनाऱ्याने फिरणाऱ्या बोटीला इतकं पक्कं करायची काय गरज? तो सांगायचा, त्यांची वेळ झाली होती म्हणून. ते म्हणायचे, कशाची वेळ? त्याने मला नंतर सांगितलं, "लोजा, चांगलं काम केलं हाच पुरावा म्हणतात. मी वाईट केलं असतं तर मी निर्दोष होतो, आणि ती मेली असती."

त्याला माहीत होतं हे ते सिद्ध करू शकले नाहीत. तरी नोकरी गेली. वीज केंद्रावर कोळसा ओढायला लावलं.

आणि गावाचं काय? अर्धे लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, अर्धे गुपचूप पाठ थोपटायचे. गोदीतला तो ईल खाल्लेला फोरमन रस्त्यात डोळा मारून म्हणाला, "भले बोसमान! पोरीला बरोबर पोहोचवलंत."

"मला माहीत नव्हतं."

"बरोबर, बरोबर. मलापण काही माहीत नाही."

"अहो, खरंच माहीत नव्हतं!"

"म्हटलं ना, बरोबर." आणि तो हसत निघून गेला.

कुणालाच पटत नव्हतं. इतका जवळचा बाप, तिच्याबरोबर खिळा न् खिळा ठोकलेला, त्याला पोरीने सांगितलं नसेल? हाच प्रश्न त्यालाही होता. पण तो ज्याच्यापाशी बोलून दाखवावा असं कुणी नव्हतं.

पानगळीत डेन्मार्कने बोट परत पाठवली. सरकारी जहाजाने तिला ओढत आणली. धक्क्यावर शिपाई होते, तरी ओनुफ्री आला, कोळशाच्याच कपड्यांत. मॅनेजरने तोंड दुसरीकडे केलं आणि त्याला आत जाऊ दिलं. मी मागोमाग गेले. आत सगळं लखलखीत होतं. शिडं नीट घड्या घालून पिशव्यांत, दोर गुंडाळून खुंट्यांवर, भांडी घासलेली, तळ कोरडा. तो एकेक कप्पा उघडून बघत होता. गाद्या उचलल्या, चुलीमागे हात घातला. काय शोधतोय ते मला कळत होतं. एखादा रुमाल, एखादं काहीही. नव्हतं काही. त्याने शेवटी तळाशी बोल्टांवरून हात फिरवला, आणि आम्ही बाहेर आलो.

"छान ठेवलीय," एवढंच म्हणाला.

त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खाली जेवायला गेले. बीटचं सूप, कार्प मासा, खसखशीचे पोळे. जेवणाआधी आमच्याकडे पापुद्र्यासारखी पवित्र भाकरी एकमेकांना मोडून देतात आणि वर्षभरातलं चुकलंमाकलं माफ करा म्हणतात. तेक्लाने ओनुफ्रीपुढे तुकडा धरला.

"मला माफ कर," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

ओनुफ्रीने तुकडा घेतला नव्हता अजून. "काय माहीत होतं?"

"लुद्का जाणार ते. तिने मला वसंतातच सांगितलं होतं. शपथ घातली होती."

मी उठायला लागले तर तेक्लानेच माझी बाही धरून मला बसवलं.

"म्हणजे," ओनुफ्री म्हणाला, "मी त्या बाकावर बसलो होतो तेव्हा?"

"हो."

"मी म्हणत होतो की ती खाली झोपली असेल, तिला दार सापडलं नसेल, तेव्हा तू चुलीपाशी होतीस."

"ती पोहोचलीय का ते मलाही माहीत नव्हतं रे! आणि ते तुला कधीही उचलून नेतील असं वाटत होतं. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, ओनुफ्री. तू हसलास म्हणून नाही, तू आधी तसा रडत होतास म्हणून त्यांनी तुला सोडलं. मी सांगितलं असतं तर तू तुरुंगात असतास."

"पण ती बुडाली नसती. माझ्यापुरती तरी."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तो तुकडा घेतला, मोडला, खाल्ला, तिला माफ केलं असं तोंडाने म्हणालासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याने आपली खाट स्वयंपाकघरात हलवली. त्यानंतर त्या घरात मीठ दे, कोळसा संपला, पाऊस येतोय, याखेरीज दुसरं बोलणं मी ऐकलं नाही. तेक्लाच्या त्या सगळ्या थट्टा कुठे गेल्या कोण जाणे. ती पायऱ्यांवर भेटली की मी विचारायची, कसं आहे? ती म्हणायची, "ठीक आहे. चुलीजवळ झोपतो, त्याला ऊब मिळते."

चाप्लाला शिक्षा झाली ती वेगळीच. ती पुन्हा पळेल म्हणून हुकूम आला की तिला पाण्यात उतरवायचीच नाही. उघड्यावर, ओंडक्यांवर उभी करून ठेवली. लोकांना वाटतं पाण्याने लाकूड कुजतं. पाण्यातली बोट टिकते, कोरडी मरते. एका उन्हाळ्यात फळ्या आक्रसल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात सांध्यांतून आरपार उजेड दिसायला लागला. नवा बोसमान आला होता तो आळशी नव्हता, पण त्याने फटींत सिमेंटसारखं काहीतरी भरलं, आणि थंडीत ते फुगून फळ्या आणखी उचकल्या.

काही वर्षांनी राग निवळला, किंवा फायलीवर धूळ बसली, आणि ओनुफ्रीला क्लबात पहारेकरी म्हणून परत घेतलं. बोसमान नाही, पहारेकरी. पण आम्ही त्याला बोसमानच म्हणत राहिलो. तो आल्या आल्या चाप्लापाशी गेला, ते सिमेंट पटाशीने टोकरून काढलं, तिच्यावर जुनी गोणपाटं पसरली आणि तलावातून बादलीने पाणी आणून त्यांच्यावर ओतायला सुरुवात केली. उन्हाळाभर, सकाळ-संध्याकाळ. पोरंटोरं चेष्टा करायची.

"बोसमान, काय पेरलंय? कधी उगवणार?"

"तुम्हाला अक्कल आली की," तो म्हणायचा आणि दुसरी बादली आणायला जायचा.

लुद्का तोवर स्वीडनला गेली होती, माल्मोला. येरेमीशी लग्न, दोन मुलगे. आईच्या नावाने पार्सलं यायची. कॉफी, लोकरी मोजे, आणि प्रत्येक वेळी तळाशी चांगल्या स्वीडिश व्हार्निशचा एक डबा. कॉफीला ओनुफ्री हात लावायचा नाही. डबा मात्र दुसऱ्या दिवशी क्लबात दिसायचा. एकदा मी खाली उतरले तर तो झाकण उघडून नाकाशी धरून नुसता उभा.

"चांगलं आहे का?" मी विचारलं.

"महाग असणार," तो म्हणाला, आणि पाठ फिरवली.

चाप्लाच्या वरच्या लाकडाला ते व्हार्निश तो दरवर्षी देत राहिला. खाली फासळ्या भुगा होत होत्या आणि वर डेक आरशासारखा चमकत होता.

सत्तर सालानंतर म्हाताऱ्यांना पासपोर्ट मिळायला लागले. तेक्लाने अर्ज केला, फेरीबोटीने जाऊन लेकीला आणि नातवांना बघून आली. ओनुफ्रीने अर्ज केलाच नाही. परत आल्यावर तिने फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवले, आणि ते तिथेच पडून राहिले. पण मी एकदा पाहिलं, त्याने त्यांच्यावरचे पावाच्या चुऱ्याचे कण हळूच फुंकून काढले.

तेक्ला पुढच्याच्या पुढच्या फेब्रुवारीत गेली. फुप्फुसाला सूज आली होती. हॉस्पिटलात तो तिच्याजवळ रोज बसायचा, टोपी हातात धरून. काही बोलला का? मी विचारलं नाही. नर्स म्हणाली की म्हातारे फार शांत आहेत.

लुद्काला यायला मिळालं ते त्याच वर्षी उन्हाळ्यात, स्वीडनच्या पासपोर्टवर. आईच्या मातीला ती पोहोचू शकली नव्हती. केस आखूड कापलेले, डोळ्यांभोवती सुरकुत्या, आणि बोलताना मधेच शब्द शोधायची. स्टेशनवर ओनुफ्रीने तिची बॅग घेतली, ती म्हणाली राहू दे, तो म्हणाला हलकीच आहे, आणि दोघं बॅगेला धरून चालत राहिले. दुसऱ्या दिवशी तो तिला चाप्ला दाखवायला घेऊन आला. मी खिडकीशी बसून शिवत होते, दोघं बरोबर खाली होती.

लुद्काने डेकवरून हात फिरवला. "किती सुंदर ठेवलीस रे."

ओनुफ्री वाकला, खिशातला चाकू काढला आणि खालच्या एका फासळीत खुपसला. पातं मुठीपर्यंत आत गेलं, लोण्यात जावं तसं. त्याने ते ओढून काढलं, पुसलं, मिटलं. लुद्का रडायला लागली.

"बाबा, अजून रागावलायस?"

"सांगायचं होतंस."

"मी निघाले त्या रात्री उलट फिरणार होते. येरेमीला विचार. दिवे दिसत होते आपल्या किनाऱ्याचे. मी म्हटलं, बाबा पंपापाशी बसून राहील." तिने नाक पुसलं. "पण मी सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का? खरं सांग."

ओनुफ्री ओंडक्यावर बसला.

"नसतं दिलं," तो म्हणाला. "बुडाला भोक पाडलं असतं मी."

लुद्का त्याच्या शेजारी बसली.

"आई हेच म्हणाली होती," ती म्हणाली. "अगदी हेच. म्हणाली, त्याला सांगू नकोस, तो भोक पाडेल आणि मग आयुष्यभर तुला तोंड दाखवू शकणार नाही. त्यापेक्षा माझ्यावर रागवू दे."

ओनुफ्रीने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मी यंत्र चालवायला सुरुवात केली, आवाज व्हावा म्हणून.

लुद्का परत गेली. पुढच्या वर्षी क्लबाच्या कमिटीने चाप्ला मोडायचं ठरवलं. जागा प्लॅस्टिकच्या नव्या बोटींना हवी होती, आणि कुणी खोटं बोलत नव्हतं, तिच्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओनुफ्रीला आधी सांगायची जबाबदारी माझ्यावर टाकली. तो म्हणाला, "हो, करा." मोडायच्या दिवशी तो आलाही. लोखंडी कणा भंगारवाल्याला द्यायचा म्हणून बोल्ट कापायला माणसं यंत्र घेऊन बसली होती. बोल्ट कापता कापता त्यांना घाम फुटला. एकजण शिव्या देत म्हणाला, "कुणी बसवलेत हे?" ओनुफ्री तिथेच उभा होता. थोड्या वेळाने घरी गेला.

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी त्याच्याबरोबर कब्रस्तानात गेले. माझी माणसं विल्नोला पुरलेली, त्यामुळे मी दरवर्षी मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावते, जिथे दूरच्या मेलेल्यांसाठी सगळे लावतात. ओनुफ्रीने तेक्लाच्या थडग्यावरची पानं झाडली, दिवा लावला, बाकावर बसला आणि एकदम म्हणाला, "लुद्का येऊन गेली, तेक्ला. बोट मोडली. मी चहात साखर बंद केलीय, डॉक्टर म्हणतो." पुढे तो सांगतच राहिला, फोरमन मेल्याचं, छपरातून गळतंय त्याचं, नातवाला दाढी आल्याचं. वीसेक वर्षांचं साठलेलं होतं. मी क्रुसाकडे निघून गेले. मुद्दाम वेळ काढून परत आले तरी तो बोलतच होता, आणि थंडीने त्याचा आवाज बसला होता.

तो हिवाळा त्याने काढला. पुढचा नाही. लुद्काला व्हिसा मिळाला तोपर्यंत आम्ही त्याला तेक्लाच्या शेजारी पुरून आलो होतो.